आत्याबाईंचा बिब्बा

माझ्या डाव्या छातीवर, वरच्या बाजूला, काळपट ठिपक्यांचं एक कडं आहे. साठ वर्षं होत आली त्याला. कातडी सुरकुतली, ठिपके एकमेकांजवळ सरकले, पण गेले काही नाहीत. मागच्या साली पडून माझा हात मोडला तेव्हा नातसून मला आंघोळ घालायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आजी, गोंदण इथे काढलं होतं?"

"गोंदण नाही, बिब्बा आहे," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंनी लावलेला."

"छातीवर?"

"छातीवर. त्या बिब्ब्यापायी ही छाती कापली जाणार होती. अन् वाचवली तीही त्यांनीच."

पोरगी तांब्या हातात धरून उभीच राहिली. पाणी निवून गेलं तरी माझं सांगणं संपेना. शेवटी ती म्हणाली, आजी, हे लिहून ठेवा. आता मी काही शाळेत गेलेली बाई नाही. लेक पाटीवर गिरवायची तेव्हा चुलीपुढे बसून तिच्यासोबत मीही गिरवलं, तेवढीच माझी शाळा. म्हणून जशी बोलते तशीच लिहिते आहे.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचं गाव पिंपळगाव राजाजवळ. विहिरीवरचा मळा, मळ्यात वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. घरात चारच माणसं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमचे हे, मी, आणि अडीच वर्षांची लेक. मी चोवीस वर्षांची असेन. असेन म्हणते, कारण माझी आई एवढंच सांगायची की मामाच्या विहिरीला पाणी लागलं त्या साली तू झालीस.

आत्याबाई म्हणजे काय चीज होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर गावातल्या गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. खामगावच्या बाजारात त्या भाजी घेऊन बसायच्या. वांग्यावरून नुसतं बोट फिरवून आत अळी आहे की नाही हे सांगायच्या, आणि अळीचं वांगं कधी कोणाच्या पिशवीत जाऊ द्यायच्या नाहीत. बाजारात त्यांच्या बोटांना मान होता. आणि गावात मान होता त्यांच्या बिब्ब्याला. पायात काटा मोडला, टाच भेगाळली, गुडघा धरला, की माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसायची. आत्याबाई दाभणाला बिब्बा टोचायच्या, दिव्यावर धरायच्या, त्याचं काळं तेल सुटलं की नेमक्या जागी टेकवायच्या. बिब्बा म्हणजे भारी जिन्नस. जरा जास्त झाला की उततो, म्हणजे कातडीवर फोड येतात, पाणी वाहतं, आग आग होते. पण आत्याबाईंचा बिब्बा सहसा उतत नाही अशी त्यांची ख्याती होती. आजूबाजूच्या तीन गावांतून बायका यायच्या. मोबदला कोणाकडून घेत नसत. मान मात्र पुरेपूर घ्यायच्या.

तर लेकीला अंगावरून तोडल्याला चारपाच महिने झाले असतील. एक दिवस चोळी बांधताना बोटाला काहीतरी लागलं. बोराएवढं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दुखलं असतं तर मी सांगितलं असतं. न दुखणाऱ्या गोष्टीचं सांगायचं काय आणि कोणाला? मिरचीची तोडणी ऐन भरात आली होती. मी म्हटलं जाईल आपोआप. रोज सकाळी चोळी बांधताना बोट तिथे जायचंच, आणि रोज ते तिथे असायचंच.

मिरची तोडताना आम्ही ओटी बांधतो. लुगड्याच्या जुन्या फडक्याची पिशवीच ती, खांद्यावरून गाठ मारून पुढे लोंबती सोडायची आणि त्यात मिरच्या टाकत जायचं. ओटी भरत आली की तिचा भार छातीवर येतो. मी ती उजव्या खांद्यावर बांधायला लागले. दोन दिवस झाले, तीन झाले. चौथ्या दिवशी आत्याबाई शेजारच्या ओळीतून म्हणाल्या, "काऊन वो, तू डाव्या खांद्याची बाई. आता ओटी उजवीकडे काऊन बांधून राह्यली?"

"काही नाही आत्याबाई. खांदा दुखते."

"खांदा दुखते तं हात कसा वर जाऊन राह्यला? शेंड्यावरच्या मिरच्या तं त्याच हातानं तोडून राह्यली."

त्यांच्यापुढे खोटं बोलायची सोय नव्हती. घरी गेल्यावर न्हाणीत नेलं, फडकं आड धरलं आणि म्हणाल्या, दाखव. मी मान खाली घालून उभी. त्यांची ती बोटं, वांग्यावरून फिरणारी, गाठीवरून फिरली. एकदा फिरली, दोनदा फिरली. मग म्हणाल्या, "दूध थिजलं. लेकरू तोडलं की कोणाकोणाचं थिजते. भेऊ नोको माय. बिब्ब्यानं सुटते."

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. महिनादीड महिना एकटीनं वागवलेलं ओझं कोणीतरी हातात घेतलं. त्यांनी माझ्या छातीवर गाठीच्या भोवती सहा ठिपके दिले. चटका बसला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, झालं, सुटलं.

तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला.

आत्याबाई म्हणाल्या, उतला तं उतला, आतलं बाहेर निघून राह्यलं. खोबरं आणि तीळ वाटून लावलं. फोड बसत आले, पण गाठ आत होती तिथेच होती. म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा लावला. त्याच ठिपक्यांवर. आता म्हणाल तर ही चूक, पण त्या वेळी आम्हा दोघींनाही ती चूक वाटली नव्हती. दुसऱ्यांदा तो असा उतला की अंगात ताप भरला, सगळी छाती लाल, कातडी जाड झाली, लिंबाच्या सालीसारखी बारीक बारीक खड्ड्यांची. आणि काखेत आणखी एक गाठ आली, ही मात्र दुखरी. हात वर जाईना. आत्याबाई रोज बघायच्या आणि रोज कमी बोलायच्या. त्यांचं कमी बोलणंच मला जास्त भिववायचं.

ह्यांना तोवर काही सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी नवऱ्याला सांगायच्या नसतात असंच आम्हाला वाटायचं. पण विहिरीवरून घागर उचलताना माझ्या हातातून ती सुटली आणि ह्यांनी पाहिलं. संध्याकाळी विचारलं, मी सांगितलं. हे फार बोलणारे नव्हते. "उद्या खामगावले जाऊ," एवढंच म्हणाले.

खामगावचे डॉक्टर म्हणजे पुरुषमाणूस. मी पदर सोडला नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. लांबूनच चार प्रश्न विचारले आणि अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, दिवस घालवू नका.

लेकीला माझ्या बहिणीकडे ठेवलं आणि आम्ही तिघं अकोल्याला गेलो. एसटीत मला मळमळत होतं. आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि अकोला येईस्तोवर केसांतून हात फिरवत राहिल्या. लग्नाला सात वर्षं झाली होती, त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मला बरं वाटण्याऐवजी धडकीच भरली.

दवाखान्यात बायकांची ही रांग. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं सगळं पुस्तकासारखं. हुशार बाई, हात हलका, पण तोंडाच्या कडक. आमच्या आधी एक बाई पोराला घेऊन आली होती. त्या पोराच्या पोटावर कोणीतरी तापलेल्या सळईचे डाग दिले होते. डॉक्टरीणबाईंनी त्या बाईला आणि तिच्या सासूला अशी झाडली की दोघी रडतच बाहेर पडल्या. "कोण ही गावातली वैदू म्हातारी? आणा तिला माझ्यासमोर," असं म्हणाल्या, ते सगळ्या रांगेनं ऐकलं. आत्याबाईंनीही ऐकलं. त्या माझ्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मग माझी पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, दाबलं, काख चाचपली. त्यांचा चेहरा बदलला. कडकपणा गेला. तो गेला ते मला आवडलं नाही.

"यावर काही लावलं होतं का? लेप, औषध, काहीही?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या समोरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. दाराशी अजून चार बायका कान देऊन उभ्या. तीन गावांत जिच्या बिब्ब्याचा मान, ती बाई आता माझ्या एका शब्दावर सगळ्यांसमोर उघडी पडणार. थोड्या वेळापूर्वी तिच्या मांडीवर माझं डोकं होतं.

"काही नाही लावलं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरीणबाईंचा काही दोष नव्हता, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. त्यांनी विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं.

मला खाट दिली. ह्यांना डॉक्टरीणबाईंनी ओसरीत बोलावून घेतलं. बऱ्याच वेळानं हे आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. एसटीचं तिकीट हातात होतं, त्याची गुंडाळी करत होते.

"काढा लागते म्हणे," म्हणाले.

"काय?"

"सगळं. काखेपर्यंत."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तो शब्द सांगितला, कॅन्सर. आमच्या गावात त्या रोगाला कोणी नावानं ओळखत नसे, वाईट गाठ म्हणत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एरवी आधी तुकडा काढून तपासतात, पण कातडी अशी झाली आहे आणि काखेतही गाठ आहे, म्हणजे रोग पसरलेला दिसतो, थांबण्यात धोका आहे. मी चोवीस वर्षांची आहे हे ऐकून त्यांना फार वाईट वाटलं होतं. इतक्या तरुण बायकांना हा क्वचित होतो, पण होतो, आणि तरुण आहे म्हणून कोणी लक्ष देत नाही, असं म्हणाल्या होत्या. ऑपरेशन शुक्रवारी. तो दिवस सोमवारचा.

माझ्या शेजारच्या खाटेवर संग्रामपूरकडची एक बाई होती. माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी, गोरीपान, हसरी. तिचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. तिला खराच तो रोग निघाला होता. उजवी बाजू पट्ट्यांनी बांधलेली. रोज सकाळी ती भिंतीजवळ उभी राहायची आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून एकेक करत वर चढवायची. हात आखडू नये म्हणून डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. कालच्यापेक्षा बोटभर वर गेली की भिंतीवर नखानं रेघ मारायची.

"पाह्य वो," मला म्हणाली, "पालीवानी चढून राह्यली मी. छताले लागली की मले घरी सोडतीन."

तिनं आपली गोष्ट सांगितली. गाठ वर्षभर लपवली होती. आधी दिराचं लग्न होतं, मग पेरणी होती, मग नणंद बाळंतपणाला आली. "दर खेपेले म्हटलं, हे उरकलं की सांगतो. उरकतच नाई बाप्पा काही." हे ती हसतच बोलली. पण नंतर बराच वेळ उशीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली.

बुधवारी नर्स माझी छाती पुसत होती तेव्हा संग्रामपूरच्या बाईनं मान वळवून पाहिलं. नर्स गेली तशी हळूच म्हणाली, "काय वो, हे तं बिब्ब्याचं दिसून राह्यलं."

मी पदर ओढला. "चूप बस ना."

"चूप काऊन? माह्या पायाले उतलता असाच, लहानपणी. अशीच कातडी झालती. डॉक्टरीणबाईले सांगितलं काय?"

"नाही."

"काऊन?"

"आत्याबाईंनी लावला. सगळ्यांसमोर त्यांची लाज जाईन."

ती खाटेवरून उतरली. माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि आपल्या छातीवर, पट्ट्यांवर ठेवला. तिथे सपाट होतं. पट्ट्यांच्या खालून तिच्या बरगड्यांची वरखाल थेट तळहाताला लागत होती.

"सासूची लाज जाईन," ती म्हणाली. "अन् तुहं काय जाईन ते पाह्य. मले तं रोग होता, माहं गेलं तं जीव वाचला. तुहं उगाच काऊन घालवते?"

"पण गाठ तर आधीपासूनच आहे. बिब्ब्याच्या आधीपासून."

"मंग तेही सांग. दोन्ही सांग."

मी ठरवलं, सांगायचं. गुरुवारी डॉक्टरीणबाई फेरीवर येतील तेव्हा, हळू आवाजात, इतर कोणी नसताना. आणि ठरवल्यावर पुन्हा वाटायला लागलं, आत्याबाई गावात कशा राहतील? वाटायचं, समजा सांगितलं आणि रोगच निघाला, तर त्यांची लाजही गेली आणि माझी छातीही. त्या दिवशी मला भाकर गेली नाही.

आत्याबाई दिवसभर माझ्याजवळ असायच्या आणि संध्याकाळी मागच्या ओसरीवर जायच्या. तिथे पेशंटांची माणसं विटांच्या चुली मांडून स्वयंपाक करायची. सोमवारपासून त्यांनी डाव्या दंडाला एक फडकं गुंडाळलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, चुलीचा चटका बसला. मी आपल्याच घोरात होते, पुढे विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई नर्सला घेऊन खोलीत आल्या. माझ्या खाटेपर्यंत पोचायच्या आत आत्याबाई मधे उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, पण आवाज तोच, मळ्यातला.

"डॉक्टरीणबाई, थांबा जरा. हिच्या अंगावर रोग किती अन् माहं काम किती, ते आधी पाहा."

डॉक्टरीणबाईंना कळेना. आत्याबाईंनी दंडावरचं फडकं सोडलं. खोलीतल्या सगळ्या बायका उठून बसल्या. दंडावर सहा ठिपक्यांचं कडं होतं. भोवती लाल, सुजलेलं, फोडांतून पाणी वाहत होतं, कातडी लिंबाच्या सालीसारखी. त्यांनी हात वर केला आणि डॉक्टरीणबाईंचा हात धरून आपल्या काखेत लावला.

"गाठ लागते काय? मलेही आली. परवापर्यंत नव्हती. बिब्बा लावला मी. सोमवारी सांजच्याले, चुलीपाशी. जसा हिले लावला तसाच. हिले तं दोन डाव लावला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत्याबाईंचा दंड पाहिला, मग माझी छाती पाहिली, मग पुन्हा दंड.

"मी सोमवारी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा का नाही सांगितलं?"

"तिनं माह्यासाठी नाही सांगितलं," आत्याबाई म्हणाल्या. "अन् मी सांगितलं नाही, कारण तुमी म्हटलं असतं, म्हातारी सुनेचं ऑपरेशन टाळाले बहाणे करून राह्यली. लय जणं करतात तसे. म्हटलं, आधी आपल्या अंगावर पाहू. सारखं दिसलं तं सांगू. नाही दिसलं तं चूप बसू अन् कापू देऊ." मग आवाज जरा खाली आला. "काल चुलीपाशी फडकं सोडून पाह्यलं, तं सारखं दिसलं. रातभर बसून राह्यली मी."

मला वाटलं, आता झाडतात. डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना माझ्या खाटेवर बसवलं, स्वतः त्यांच्या दंडाला मलम लावलं, पट्टी बांधली. बांधता बांधता म्हणाल्या, "आजी, पुन्हा कोणाच्या छातीला हे लावलंत तर मी स्वतः तुमच्या गावाला येईन."

"या ना," आत्याबाई म्हणाल्या. "वांग्याचं भरीत करीन."

संग्रामपूरची बाई पट्ट्यांवर हात धरून हसायला लागली. हसताना तिला दुखत होतं, तरी थांबेना. मग मी हसले. मग मला रडू आलं.

शुक्रवारचं ऑपरेशन राहिलं. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. गाठ आहे ती आहेच, तिचा निकाल लावावाच लागेल, पण वरचा हा दाह उतरल्याशिवाय काही ठरवता येत नाही. मलम दिलं, तीन आठवड्यांनी यायला सांगितलं. "एक दिवसही उशीर करू नका. रोग नाही असं मी म्हटलेलं नाही." ते वाक्य घेऊन मी घरी आले.

ते तीन आठवडे कसे काढले ते मलाच ठाऊक. फोड वाळले, खपल्या पडल्या. काखेतली गाठ लहान लहान होत एक दिवस हाताला लागेनाशी झाली. आत्याबाईंचीही तशीच. दोघी न्हाणीत बसून एकमेकींच्या काखा चाचपायचो. तुमची गेली का? गेली. तुही? बाहेर हे विचारायचे, आत काय चाललं आहे? आत्याबाई ओरडायच्या, "बायकांचं काम हाय, तू आपलं म्हशीले पाणी दाखव."

गावात आत्याबाईंनी स्वतःच सांगितलं. कोणी विचारायच्या आधी. ओसरीवर बसलेल्या बायकांना दंड दाखवायच्या आणि म्हणायच्या, टाचेले लावीन, गुडघ्याले लावीन, पण छातीवरच्या, गळ्यावरच्या गाठीले लावणार नाही. ती घेऊन दवाखान्यात जा. काही जणींनी नाकं मुरडली. एक म्हणाली, म्हातारीचा हात गेला. आत्याबाई म्हणाल्या, हात नाही गेला, थोडं डोकं आलं.

तीन आठवड्यांनी आम्ही अकोल्याला गेलो, एक दिवसही उशीर न करता. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं तेव्हा छातीवर फक्त काळे ठिपके उरले होते. काख मोकळी. आणि ती मूळची गाठ त्यांच्या बोटाखाली इकडून तिकडे सरकत होती. त्यांनी माझंच बोट धरून तिच्यावर ठेवलं. "बघा, कशी पळते. वाईट गाठ बहुतेक अशी पळत नाही, रुतून बसते. पण नुसत्या बोटावर विश्वास ठेवायचा नाही. काढायची आणि तपासायची."

आत्याबाई शेजारी उभ्या होत्या. नुसत्या बोटावर विश्वास ठेवायचा नाही, हे ऐकून त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

फक्त गाठ काढली. तीन टाके. गाठ नागपूरला तपासायला गेली, कागद यायला दहा दिवस लागतील म्हणाले, तोवर मला खाटेवरच ठेवून घेतलं. संग्रामपूरची बाई तेव्हा खाटेवर नव्हती. तिला किरणांचा शेक द्यायला मुंबईला पाठवलं होतं. तिच्या खाटेजवळच्या भिंतीवर नखाच्या रेघा मात्र होत्या. मी मोजल्या नाहीत. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर होती.

कागद आला त्या दिवशी डॉक्टरीणबाई मुद्दाम चालत आमच्या खाटेपर्यंत आल्या. लांबूनच हसत होत्या, म्हणून मी उठून बसले. "कॅन्सर नाही," म्हणाल्या. "साधी गाठ. तरुण बायकांमध्ये अशा होतात. तुम्ही घरी जा."

ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. पुन्हा काढली. मला एकदम भूक लागली. अशी भूक, जशी बाळंतपणानंतर लागते. मी आत्याबाईंना म्हटलं, काही खायला आहे का? त्यांनी गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. भाकर सकाळची, कडक झालेली. मी दोन खाल्ल्या, तिसरी मागितली. आत्याबाई म्हणाल्या, "खाय माय. घरी गेल्यावर अजून करतो." आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, ठेचा तिखट झाला वाटते. त्यांनी तर अजून तोंडही लावलं नव्हतं.

पुढे तीनचार वर्षांनी खामगावच्या बाजारात मी भाजीजवळ बसले होते. समोरच्या दुकानाच्या भिंतीशी एक बाई पाठमोरी उभी होती. तिनं उजवा हात भिंतीला लावला आणि बोटं एकेक करत वर चढवली, पार उंच, छपराच्या वळचणीपर्यंत. मग माझ्याकडे वळून हसली. तिनं मला आधीच ओळखलं होतं. आम्ही दोघी मेथीच्या जुड्यांमागे बसून अर्धा दिवस बोललो. गिऱ्हाईक आलं तर तीच भाव सांगायची. "चोळीत आमच्याच वावरातला कापूस भरतो," म्हणाली, "बाजारापेक्षा बरा निघते." तिनं गावातल्या दोन पोरींना दवाखान्यात नेलं होतं, दोघींच्या गाठी साध्या निघाल्या होत्या, आणि दोघींच्या सासवा तिच्यावर रुसल्या होत्या. त्यानंतर काही वर्षं बाजारात येणाऱ्याजाणाऱ्यांकडून तिचा निरोप यायचा. मग यायचा बंद झाला. बंद कशानं झाला ते मी कोणाला विचारलं नाही. ती वळचणीला हात लावून उभी आहे, एवढंच मी धरून ठेवलं आहे.

आत्याबाई पुढे खूप जगल्या. शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसायचं नाही, मीच त्यांना न्हाऊ घालायची. दंडावर साबण लावला की ते सहा ठिपके वर यायचे. कोण दारात आलं, कोण गेलं, हे त्यांच्या ध्यानात राहायचं नाही, पण पाणी अंगावर पडलं की एक गोष्ट हटकून विचारायच्या.

"तुले गाठ नाही ना वो?"

"नाही आत्याबाई."

"पाह्यली काय?"

"पाह्यली."

"कधी?"

"आज सकाळीच."

"मंग टाक पाणी," त्या म्हणायच्या.